लाल गालाची निवृत्ती

लोकांच्या तोंडावर उजेड मारण्याचा मला पगार मिळत असे. माझ्या नोकरीचं याहून नेमकं वर्णन मला अजून जमलेलं नाही. कागदोपत्री मी 'लेसर तंत्रज्ञ' होतो. शहापुरात कुणाला हे सांगितलं की समोरचा समजूतदारपणे मान हलवून विचारायचा, "म्हणजे झेरॉक्सच ना?" सुरुवातीला मी समजावून सांगत असे. पुढे हो म्हणू लागलो.

त्याआधी मी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत वायरमन होतो. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा तो कारखाना बंद पडला. त्याच सुमारास मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांनी नवं लेसर यंत्र घेतलं आणि जुनं शहापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्याला देऊन टाकलं. यंत्राचं वजन तीन माणसांएवढं, विजेची भूक पिठाच्या गिरणीएवढी आणि स्वभाव नव्या जावयाचा. खोली तापली की रुसणार, व्होल्टेज हललं की रुसणार, धूळ दिसली की रुसणार. उपचार करायला ठाण्याच्या एक डॉक्टर मॅडम दर दुसऱ्या शनिवारी येणार होत्या. यंत्राची समजूत काढायला मात्र कोणी नव्हतं. मुलाखतीत मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला, "जाधव, लाइट गेली तर काय कराल?"

"गेली तर नाही मॅडम," मी म्हटलं, "जाईल तेव्हा."

नोकरी लागली.

उद्घाटनाला एक वजनदार पाहुणे आले होते. त्यांनी यंत्राला हार घातला, तिथवर मी गप्प होतो. मग कोणीतरी नारळ पुढे केला आणि पाहुण्यांनी यंत्राच्या कोपऱ्यावर नेम धरला. मी आडवा झालो. "साहेब, पायरीवर फोडा. पाणी आत गेलं तर उद्घाटन आणि समारोप एकाच कार्यक्रमात उरकेल." ते हसले नाहीत, पण नारळ पायरीवर फुटला. लेसर चालू असताना डोळ्यांना घालायचे निळसर चष्मे आमच्याकडे दोनच होते. त्यांतला एक पाहुण्यांना फोटोसाठी दिला. तो घालून त्यांनी 'या किरणांनी तालुक्याचा अंधार दूर होईल' असं लांबलचक भाषण केलं आणि तो घालूनच गाडीत बसून गेले. पुढचा चष्मा येईपर्यंत मी खोलीबाहेर उभा राहून दारातून यंत्राचे आकडे ओरडून विचारत होतो.

आता थोडं कामाबद्दल. काही मुलं जन्मतःच गालावर, कपाळावर, मानेवर लाल किंवा जांभळट डाग घेऊन येतात. तो रंग कातडीचा नसतो. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या हव्या त्यापेक्षा रुंद असतात आणि त्यांतलं रक्त वरून दिसतं, एवढंच. आईनं ग्रहणात काय चिरलं, डोहाळ्यांत काय खाल्लं, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. हे वाक्य मी किती आयांना सांगितलं त्याची गणती नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी तेवढं ऐकूनच रडायच्या आणि मोकळ्या होऊन घरी जायच्या. उपचार पुढच्या खेपेला.

आमच्या लेसरचा उजेड पिवळा. तो वरच्या कातडीतून आत जातो आणि लाल रक्त तो पिऊन टाकतं. रक्तवाहिनी आतल्या आत भाजते, बंद पडते, आणि पुढचे काही आठवडे शरीर तो कचरा आपला आपण झाडून काढतं. मग पुन्हा उजेड, पुन्हा झाडलोट. असं सहा-आठ वेळा केलं की डाग फिका पडतो. कुणाचा पार जातो, कुणाचा निम्माच. उजेडाची प्रत्येक टिचकी क्षणाच्याही बारीकशा तुकड्याची असते आणि रबर ताणून सोडल्यासारखी बसते. म्हणून मी खिशात एक रबर ठेवायचो आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर आधी ते सोडून दाखवायचो. किन्हवलीकडचा एक पैलवान त्या रबरालाच चक्कर येऊन पडला. त्याच्यामागे रांगेत असलेल्या सहा वर्षांच्या मुलीनं त्याला ओलांडून हात पुढे केला आणि म्हणाली, "माझ्या हातावर दोनदा मारा."

कातडी थंड ठेवायला बर्फ लागायचा. दवाखान्याचा फ्रिज औषधांना पुरायचा नाही, म्हणून बर्फ आणायचा मच्छीबाजारातून. मी तो तीन-तीनदा धुवायचो, तरी त्याची मूळ संगत सुटत नसे. एका बालवाडीच्या बाईंच्या मागे दवाखान्यापासून घरापर्यंत मांजर चालत गेलं. आणि या सगळ्यावर भारनियमन. वीज कधी जाणार याचं वेळापत्रक छापून यायचं, पण ते पाळण्याचं बंधन फक्त ग्राहकांवर असे.

एक चूक मात्र सांगायलाच हवी. पहिल्याच वर्षी तानसाकडचा एक तरुण आला होता. टिचकी बसते तिथे काळाजांभळा गोल उमटतो, आठ-दहा दिवस राहतो आणि मग उतरतो. म्हणजे डाग उतरायच्या आधी चेहरा दुप्पट भयंकर दिसतो. हे आम्ही त्याला सांगितलं, पण घाईत. यंत्र तापत होतं. घरच्यांना तर कोणीच सांगितलं नाही. त्यांना वाटलं, पोरगा जाळून पाठवला. तो पुन्हा आला नाही. मी दोनदा सायकल मारत त्याच्या घरी गेलो. दोन्ही वेळा 'घरात नाय' असं त्यानंच आतून सांगितलं. तेव्हापासून मी ते गोल कागदावर काढून दाखवायचो. एकदा पेशंटला, एकदा सोबत आलेल्याला, आणि सोबतीला म्हातारी असेल तर तिला दोनदा.

भागीमावशीसोबत मात्र कोणीच नव्हतं.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. भाताची कापणी तोंडावर आली होती. डोळखांबच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावातून ती पहाटेच्या एसटीनं आली होती. डाव्या डोळ्याखालून हनुवटीपर्यंत गाल लालबुंद. मी केसपेपर घेतला.

"वय?"

"लिव पंचेचाळीस. खरं पन्नास आसंल."

"मग पन्नास लिहितो."

"मंग इचारलंस कशाला?"

मॅडमनी गाल दाबून पाहिला, बोट उचललं, लाली परत आली. "मावशी, इतकी वर्षं राहिलाच ना हा डाग? आत्ता का काढायचाय? त्रास होतो?"

"डागाचा नाय," मावशी म्हणाली. "गावाचा."

आम्हाला वाटलं, लोक चिडवत असतील. ती हसायला लागली. "चिडवतील तर बरं गो! पाया पडतात."

मग तिनं सांगितलं ते असं. ती पाच वर्षांची असताना कुणा शेजाऱ्यानं गंमत म्हणून तिच्या हातानं राबात बियाण्याची पहिली मूठ टाकली. राब म्हणजे पालापाचोळा जाळून भाजलेला जमिनीचा तुकडा, भाताची रोपं त्यात वाढवतात. त्या साली त्या शेजाऱ्याला भात ठेवायला कणगी पुरली नाही. पुढच्या साली दुसऱ्यानं बोलावलं, मग तिसऱ्यानं. लाल गालाच्या पोरीच्या हाताला गुण आहे, असं आठ गावांत ठरून गेलं. तेव्हापासून पेरणीची मूठ भागीची, आवणीचं, म्हणजे लावणीचं, पहिलं रोप भागीचं, विहिरीची पहिली कुदळ भागीची. नवरी गाडीत चढायची तर आधी भागीनं चढून उतरायचं. गावात फोनचं बूथ आलं तेव्हा पहिला फोन तिनं लावला. "लावला म्हंजे उचलून कानाला धरला. पलीकडं कोन बी नव्हता. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"मालक वारले तवा," ती म्हणाली, "रडले. रडून झाल्यावर वाटलं, चला, ह्याच्यातून तरी सुटले. रांडाव बाईला कोन शुभकार्याला बोलावतंय? तेराव्याचं जेवन झालं नाय तर बैल घेऊन दारात उभे. बोलले, मावशी, तुजं येगळं हाय."

मॅडम म्हणाल्या, "मग नाही म्हणायचं."

"बोलले ना एकदा. त्या साली भाताला तुडतुडे पडले. मला कोन काय बोललं नाय. नुसतं बघायचे." तिनं ते बघणं करून दाखवलं. ते पाहून मीसुद्धा दुसऱ्या दिवशी मूठ टाकायला गेलो असतो.

तिची एकुलती मुलगी सुनंदा, वैशाखऱ्याला दिलेली. माळशेज घाटाच्या रस्त्यावर तिची भज्यांची टपरी. जून ते ऑगस्ट तिथे गाड्यांची रांग लागते. सुनंदा एकटी कांदा चिरणार, तळणार, बशा धुणार. दर वर्षी आईला बोलावणार, आणि दर वर्षी नेमकी त्याच दिवसांत आई आठ गावांत मुठी टाकत फिरणार. "पयल्या बाळंतपनाला माज्याच घरी आलेली गो ती. कळा सुरू झाल्या तवा मी तिसऱ्या गावात, चिखलात. मला घरी पोचवायला कोनाला जीप गावली नाय. मात्र मला न्यायला चौथ्या गावातनं जीप आलेली." हे सांगताना मात्र ती हसली नाही. "नातू माज्याआधी शेजारनीनं बघितला. आता मला भजी तळायची हायत. डाग गेला की मला कोन इचारनार नाय."

मॅडमनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. "जाधव, उपचाराचं कारण काय लिहू?"

मी म्हटलं, "लिहा, निवृत्ती."

त्यांनी सगळं नीट बजावून सांगितलं. डाग साफ जाणार नाही, फिका पडेल. या वयात किती फिका ते सांगता येत नाही. आधी कानाजवळ थोड्या जागेवर करून बघू, सहा आठवडे वाट पाहू. उन्हात छत्रीशिवाय जायचं नाही. गालाला हळद, पावडर काही लावायचं नाही. मी कागदावर गोल काढून दाखवले. रबर सोडलं तर ती म्हणाली, "ह्ये तर माशी बसली."

कानाजवळची जागा चांगली उतरली आणि आम्ही सुरुवात केली. डोळ्यांवर धातूच्या वाट्या ठेवून ती टेबलावर आडवी झाली की टिचक्या मोजायची. मी सत्तर म्हटलं तर म्हणायची, "एकाहत्तर. मला फसवू नको." झोडणीला ती काळी छत्री घेऊन जाऊ लागली. एका हातात छत्री, एका हातात भाताचा पेंढा. गावाला वाटलं, भागीचा मान वाढला, तिला आता छत्र आलं. दोन घरांनी स्वतःहून नव्या छत्र्या आणून दिल्या.

मग माघातल्या एका लग्नात घोटाळा झाला. टिचक्या खाऊन चारच दिवस झाले होते, गालावर काळ्याजांभळ्या गोलांची रांगोळी होती आणि नवरीच्या गाडीत चढून उतरायला तिला बोलावणं आलं. ती पदर ओढून गेली. वाऱ्यानं पदर उडाला. नवरीच्या आत्यानं किंकाळी फोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्राच्या स्टॅबिलायझरची पेटी उघडून बसलो होतो, तेव्हा दवाखान्याच्या दारात जीप थांबली आणि चार माणसं उतरली. पुढे मावशीच्या गावचे पोलीस पाटील, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं.

"तुमी आमच्या गावची मूठ जाळताव," पाटील म्हणाले.

मी खुर्च्या दिल्या. बसले नाहीत. मी गोल काढलेला कागद दाखवला, सगळं समजावलं. ते काळे डाग उतरतील, दुखत नाही, मावशी स्वखुशीनं आल्यात. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं विचारलं, "त्ये ठीक. पन निंगालेला डाग जातो कुठं?"

"शरीरच तो झाडून काढतं."

"म्हंजे तिच्याच पोटात ऱ्हातो?"

"नाही, बाहेर पडतो."

"कुठून?"

आता मला उत्तर माहीत होतं, पण त्या प्रसंगाला ते शोभणारं नव्हतं. सकाळपासून मी उपाशी होतो, स्टॅबिलायझरनं मला एकदा झटका दिला होता, आणि माझा स्वभाव मुळातच वाईट. मी म्हटलं, "यंत्रात जातो. टाकीत साठवतो आम्ही. बघा." आणि यंत्राचं मागचं झाकण काढलं.

इथे सांगायला हवं, की या जातीच्या लेसरमध्ये रंगाचं एक द्रावण फिरत असतं, त्याच्यातूनच तो उजेड तयार होतो. दिसायला लालभडक, अगदी कोकम सरबत. काचेच्या नळीतून ते झळकत होतं. मी हसण्याची वाट पाहत होतो.

पाटलांनी चपला काढल्या.

मग चौघांनीही काढल्या. म्हाताऱ्यानं टोपी काढून यंत्रापुढे डोकं टेकलं. "एवढा होता व्हय?" तो म्हणाला. मी घाईघाईनं झाकण परत लावायला घेतलं. ते नमस्कार करून, मला चहा पाजून निघूनही गेले.

शनिवारी मी मॅडमना कबुली दिली. त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. हसून झाल्यावर गंभीर झाल्या. "जाधव, खरं सांगून टाका त्यांना. आपण दवाखाना आहोत." मलाही तेच वाटत होतं. माझ्या वडिलांनी छप्पनच्या धर्मांतरानंतर घरातले देव तळ्यात सोडले, त्यांच्या पोरानं आठ गावांना नवा देव दिला, तोही चारशे चाळीस व्होल्टचा! पुढच्या खेपेला मावशी आली तेव्हा मी म्हटलं, "मावशी, मी गावात येऊन सगळ्यांना खरं सांगणार आहे."

तिनं माझं मनगट धरलं. शेतकरणीची पकड, रबराचं काही चालत नाही. "सांगशील तर मी मेले. आता गाव बोलतो, गुन भागीत नाय, शापुरास टाकीत हाय. ह्या पंधरवड्यात मला येक बी बोलावनं नाय. एक बी! काल मी दुपारची झोपले रे, दुपारची!"

"पण मावशी, हे खोटं आहे."

"मी पाच वर्साची होते तवापासून खोटंच हाय. तवा तू कुठं होतास?"

 मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी मॅडमकडे. शेवटी आमचं ठरलं, की कोणी विचारलं तर खरंच सांगायचं, आपणहून भाषण करायला जायचं नाही. सरकारी खात्यांत याला धोरण म्हणतात.

मे अखेरीस सहावी खेप झाली. डाग पार गेला नव्हता. कडेला फिकट गुलाबी छटा राहिली होती, लाजल्यासारखी. मावशीनं आरशात बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "गालानंच घाबरून माघार घेतली." आठवड्यानं जीप पुन्हा आली. पेरण्या तोंडावर आल्या होत्या.

"यंत्र न्यायचंय," पाटील म्हणाले. "दोन दिवसांत परत आनून देतो."

मी म्हटलं, ते हलत नाही.

"मंग बाटलीभर लाल पानी द्या. बियान्यावर शिंपडू."

"ते विषारी आहे. हाताला लागलं तर साबणानं धुवावं लागतं. शेतात गेलं तर तुडतुड्यांच्याआधी तुम्ही जाल."

चौघांनी बाहेर जाऊन सल्लामसलत केली. म्हातारा परत आला. "यंत्र कोन चालवतो?"

"मॅडम."

"त्या शनवारच्या. रोज कोन हात लावतो?"

मला पुढचं दिसलं. मागे भिंत होती. "मंग तुमी चला," म्हातारा म्हणाला. "नायतर आमाला भागीलाच बोलवावं लागंल."

विचारतील तर खरं सांगायचं, असं ठरलं होतं. त्यांनी विचारलं नव्हतं, बोलावलं होतं. मी म्हटलं, उद्या सांगतो.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अण्णांना सांगा, मग बघू तुमचं काय ते." अण्णा म्हणजे माझे वडील. ऐंशीच्या घरात, कान तिखट, जीभ त्याहून. आयुष्यभर त्यांनी कुणापुढे नारळ फोडला नव्हता. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. टाकी, पाटलांच्या चपला, मूठ. म्हटलं, आता हे म्हातारं मला घराबाहेर काढणार. अण्णांनी एवढंच विचारलं,

"कोणतं गाव म्हणालास?"

मी नाव सांगितलं.

"तिथं मी राब भाजायला जायचो, तुझ्या आजासंगं," ते म्हणाले. "राब आम्ही भाजायचा. बियाण्याला आमचा हात लागला की बी बाटायचं." मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतात. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "जा. मूठ टाक. पण एक कर. नारळाला हात लावायचा नाही, आणि जेवूनच यायचं. पंगतीत. कडेला नाही, मधोमध."

मी गेलो. आठ गावं, तीन दिवस, जीपमधून. मूठ कशी टाकतात मला माहीत नव्हतं. पहिली मूठ मी टिचकी मारल्यासारखी एकाच जागी टाकली. बायका पदरात हसल्या. कोणी मंत्र म्हणा म्हणालं, मी म्हटलं मला येत नाही. नारळ त्यांचा त्यांनी फोडला. तिसऱ्या गावापर्यंत मला मनगट फिरवणं जमलं आणि खोटं सांगत नाही, मजाही येऊ लागली. पहिल्या गावात पंगत बसली तेव्हा मी चालत जाऊन मधल्या पाटावर बसलो. क्षणभर सगळे थांबले. मग तो म्हातारा माझ्या उजवीकडे बसला, पाटील डावीकडे, आणि भात आला.

जेवताना पाटील हळूच म्हणाले, "दादा, मी सायन्स बारावीपर्यंत केलंय. टाकीत काय जात नाय, मला ठाव हाय."

माझा घास हातात राहिला. "मग चपला का काढल्या?"

"मावशीला आमी लय दमवली. पन नुसती सुट्टी देतो बोललो तर गाव ऐकनार हाय का? गावाला कायतरी दाखवाया लागतं. तुमी बरोबर येळेला झाकन काढलंत." त्यांनी माझ्या पानात आणखी भात वाढायला सांगितला. "सावकाश जेवा. अजून सात गावं हायत."

म्हणजे आम्हा दोघांत शहाणा कोण होता, हे मला त्या दिवशी कळलं. मी उगाच चार महिने झोप घालवून बसलो होतो.

पुढे यंत्राचं आयुष्य फार नव्हतं. रंगाचं द्रावण मिळेनासं झालं, सुटे भाग बनवणाऱ्यांनी ते बनवणं सोडलं, आणि एक दिवस भंगारवाल्याच्या टेम्पोत ते चढवताना मीच खालून टेकू दिला. तानसाचा तो तरुण आला असता तर त्याच्यासाठी एवढ्या वर्षांत वेळ होता, असं त्या वेळी मनात येऊन गेलं. पण ही नंतरची गोष्ट. त्या पहिल्या पावसाळ्यात, आवण्या उरकल्यावर एका रविवारी, मी मुरबाडहून एसटीनं वैशाखऱ्याला गेलो.

टपरीपुढे गाड्या, गाड्यांपुढे माणसं, माणसांपुढे धूर, आणि धुरात भागीमावशी. गालावर पीठ, हातात झारा, तोंडानं अखंड चालू. "ओ भाऊ, रांगेत या. सुनंदे, कांदा! ह्या ताईंना तिखट नको. नको तर घाटात कशाला आलात ताई?" सुनंदा बशा विसळताना हसत होती. नातू, तोच शेजारणीनं आधी पाहिलेला, आजीच्या पदराला धरून प्रत्येक घाण्यातलं पहिलं भजं वसूल करत होता.

मला पाहून तिनं झारा उंचावला. "आले बघा मूठवाले! कशी टाकलीस रे? मनगट फिरवलंस का नाय?"

"तिसऱ्या गावापासून फिरवलं."

"म्हंजे पयल्या दोन गावांचं वाटोळं," ती म्हणाली आणि माझ्यापुढे भरलेली बशी आदळली.

मी खात होतो तेवढ्यात शेजारच्या चहावाल्यानं मान पुढे काढली. गेल्या पावसाळ्यापासून त्याचं दुकान तिथे होतं. "मावशी, एक काम होतं. तुमी आल्यापासून ह्या बाजूला गिऱ्हाईक डबल झालंय. म्हटलं, आज माजी नवीन शेगडी तुमच्या हातानं पेटवली असती..."

सुनंदा बशी विसळायची थांबली. मावशीच्या गालावरची उरलीसुरली गुलाबी छटा मला त्या धुरातही दिसली. क्षणभर वाटलं, आता झारा उडतो. तिनं तो शांतपणे कढईच्या काठावर आडवा ठेवला, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"त्याला ने," ती म्हणाली. "मी रिटायर हाय."

मी शेवटचं भजं तोंडात टाकलं आणि उठलो.